दिल्लीत सुधारणा होते, तेव्हा आपल्या नगरपरिषदेत नेमकं काय होतं?

ओढ्याकाठी
नमस्कार मंडळी. आमचं गाव 'क' वर्ग, म्हणजे सर्वांत लहान गटातल्या नगरपरिषदेचं. मध्यंतरी सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून जाऊन बसलो. एका व्हॉल्वच्या दुरुस्तीवरून पाऊण तास भांडण झालं, अगदी घसे बसेपर्यंत. मग "केंद्र शासनाच्या निर्देशानुसार कार्यवाही करणेबाबत" असे पाच-सहा विषय ओळीने आले आणि "मंजूर, मंजूर" करत चहा यायच्या आत संपले. त्यात वित्त आयोगाच्या (केंद्राच्या निधीची वाटणी सुचवणाऱ्या आयोगाच्या) अटी होत्या, मालमत्ता कराची वाढ होती, कचऱ्याचं शुल्क होतं. म्हणजे व्हॉल्वपेक्षा मोठंच सगळं.

७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले गेले. माझं मत असं की विषय कागदावर आले आणि मिशन, अभियान, पोर्टल या वाटेने परत गेले. आता नगरपरिषद म्हणजे वरून आलेलं पाकीट घरोघर पोचवणारी खिडकी.

की मी चुकीचं बघतोय? स्थानिक संस्था अशा सुधारणांना विरोध करतात का, त्यात आपल्या सोयीने बदल करतात का, की नुसता शिक्का मारतात? आत काम केलेल्यांनी लिहावं. पक्षांची नावं घेऊन धाग्याची वाट लावू नये ही विनंती.

चहाटळ
काय होतं? चहा होतो. तुम्हीच लिहिलंय.

खडूस काकू
धाग्याला शुभेच्छा. पक्षांची नावं किती प्रतिसादांनंतर येतात ते बघायला बसलेय.

दप्तरवाला
मी ग्रामसेवक. २०२४ पासून पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात अजून "ओ ग्रामसेवक" अशीच हाक येते. नगरपरिषदेचं सांगू शकत नाही, ग्रामपंचायतीचं सांगतो.

चौदाव्या वित्त आयोगाचे सगळे पैसे थेट ग्रामपंचायतीला यायचे. पंधराव्यात ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद अशी वाटणी झाली. शिवाय ६० टक्के रक्कम बंधित. त्यातली अर्धी पाण्यावर आणि अर्धी स्वच्छतेवर खर्च करायची. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार, फक्त पगार आणि आस्थापना सोडून. आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर चढवायचा. बिल काढताना सरपंच आणि मी, दोघांच्या डिजिटल सह्या. त्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलची मुदत संपली की गावाचा विकास थांबतो. हा विनोद नाही.

आता समजा, गावाला स्मशानभूमीचा रस्ता हवाय. पावसाळ्यात तिरडी चिखलातून न्यावी लागते, ग्रामसभेत बायका रडून सांगतात. अबंधितमधले पैसे आधीच अंगणवाडीच्या छपराला गेलेत. बंधितमध्ये पैसे पडून आहेत, पण त्यात रस्ता बसत नाही. मग आराखड्यात काम येतं: "स्मशानभूमीकडे जाणाऱ्या मार्गालगत सांडपाणी गटार बांधणे व अनुषंगिक काँक्रिटीकरण". ओढ्याकाठी, तुमच्या प्रश्नाला हे माझं उत्तर. आम्ही विरोध करत नाही, कामाचं नाव बदलतो.

खडूस काकू
म्हणजे सरळ सरळ खोटं लिहिता?

दप्तरवाला
खोटं कसं, काकू? गटारही होतं.

कोल्लापुरी
>>गटारही होतं<<
नाद खुळा. हे वाक्य प्रत्येक पंचायत समितीच्या भिंतीवर रंगवा राव.

परदेशी पाखरू
पण मग बंधित ठेवण्याला अर्थ काय राहिला? मोकळे पैसे दिले की सगळी गावं पेव्हर ब्लॉक, कमानी आणि सभामंडप करत बसतात. मी माझ्या आजोळी बघितलंय. प्रवेशद्वारावर दोन सिंह, आणि आत सांडपाणी रस्त्यावर. दिल्लीने हात बांधले ते उगाच नाही.

दप्तरवाला
मान्य. सिंह आमच्याकडेही आहेत. फक्त ते बहुतेक वेळा आमदार फंडातून येतात. :)

सरपंचीणबाई
दप्तरवाले भाऊंच्या प्रतिसादाला +१. मी एका दुष्काळी तालुक्यातल्या गावची सरपंच, दुसरी टर्म.

जलजीवनचं सांगते. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली, घरोघर नळ, माणशी रोज ५५ लिटर. योजना चांगलीच आहे. ज्या बाईने डोक्यावर हंडे वाहिलेत ती हिला नावं ठेवणार नाही. लोकवर्गणी १० टक्के भरायची होती, ती कशी गोळा झाली ते मलाच माहीत. टाकी झाली, पाइप पडले, फोटो काढले. काम पूर्ण झाल्याचा ठराव द्या म्हणून ठेकेदार रोज दारात.

ठराव दिला की योजना आमच्या गळ्यात. मोटारीचं लाइट बिल ग्रामपंचायतीचं, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार ग्रामपंचायतीचा, फुटलेला पाइपही आमचाच. पाणीपट्टी वाढवायची तर ग्रामसभेत तोंड मला दाखवायचंय, जलशक्ती मंत्रालयाला नाही. शेवटी आम्ही काय केलं? एक दिवसाआड पाणी. मीटर बसवायचा विषय तीन ग्रामसभांत मांडला, तीनदा "पुढील सभेत विचार व्हावा".

आणि दुसरं एक. ठराव द्यायच्या आधी मी गावातल्या दोन प्लंबर पोरांना घेऊन सगळी लाइन चालून बघितली. शेवटच्या वस्तीवर पाणी चढत नव्हतं. तोवर सही केली नाही. वरून फोन आले, "ताई, आकडा अडकलाय तुमच्यामुळे." अडकू दे म्हटलं. वस्तीवर पाणी चढलं तेव्हाच सही केली. तेव्हा नुसता शिक्काच मारतो असं नाही हो.

ओढ्याकाठी
सरपंचताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. "आकडा अडकलाय" हे फारच बोलकं.

चहाटळ
पाणी नाही चढलं तरी चालेल, आकडा चढला पाहिजे.

माजी_नगरसेविका
शहराकडे वळू या. ओढ्याकाठी यांना सभेत जे दोन मिनिटांत मंजूर होताना दिसलं, त्याची लढाई सभेच्या बाहेर होते. मालमत्ता कराचंच घ्या.

पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा, आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवून दाखवा. नाही दाखवली तर अनुदान नाही. शिवाय लेखे ऑनलाइन टाका. कागदावर यात चूक काढायला जागा नाही. कित्येक गावांत घरपट्टीचे दर आजोबांच्या वेळचे आहेत.

आमच्याकडे चतुर्वार्षिक फेरआकारणी आली. खासगी एजन्सीची पोरं टेप घेऊन घरोघर फिरली. गॅलरी मोजली, जिना मोजला, एका आजींचा गोठाही मोजला. नोटिसा निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग. पुढच्या सभेत सर्वपक्षीय एकमत झालं, जे एरवी कधीही होत नाही: वाढ रद्द. मुख्याधिकाऱ्यांनी ३०८ चा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं हे कलम. परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात.)

मग आम्ही मुंबई गाठली आणि फेरआकारणीलाच मंत्रालयातून स्थगिती आणली. अशी स्थगिती आणणं हा आमच्या क्षेत्रातला मान्यताप्राप्त व्यायाम आहे. परिणाम असा की दर जुने राहिले, वसुलीचा आकडा वाढवायला थकबाकीदारांच्या याद्या चौकात लागल्या, आणि मार्चमध्ये कर निरीक्षक बँड घेऊन दारोदार फिरले. वाढ दिसली, अट भागली. ज्याने दर वर्षी इमानदारीत भरलं त्याचंही वाढलं नाही आणि ज्याने तीन मजले चढवले त्याचंही वाढलं नाही.

निवृत्त_फाईल
माजी_नगरसेविका बाईंनी मुख्याधिकाऱ्यांची बाजू एका ओळीत उरकली, म्हणून लिहितोय. मी त्या खुर्चीत बसलोय.

मुख्याधिकारी हा परिषदेचा नोकर आणि शासनाचाही माणूस. ३०८ चा प्रस्ताव तो हौसेने पाठवत नाही. अनुदान बुडालं तर लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्या नावावर येतो, आणि ठराव करणारे सदस्य पाच वर्षांनी घरी गेलेले असतात. वरून महिन्याला किती व्हीसी (व्हिडिओवरच्या बैठका) होतात ते विचारा. प्रत्येक मिशनची वेगळी व्हीसी, प्रत्येकाचं वेगळं डॅशबोर्ड, आणि सगळ्यांना माहिती देणारा लिपिक एकच. तोच जन्म-मृत्यू नोंदवतो, तोच निवडणुकीच्या कामाला जातो. 'क' वर्गात मंजूर पदांपैकी किती भरलेली असतात ते जरा माहितीच्या अधिकारात मागवून बघा, मग सुधारणेला प्रतिसाद कोण देतो ते कळेल.

आता मूळ प्रश्न. माझ्या अनुभवात परिषदा केंद्राच्या सुधारणेला तीन प्रश्न विचारतात. पैसे किती, पगाराला वापरता येतील का, आणि पुढच्या निवडणुकीआधी लोकांना काही दिसेल का. तिन्हींचं उत्तर नकारार्थी असेल तर ठराव मंजूर होतो आणि फाईल कपाटात जाते. विरोध करायला कष्ट पडतात. मंजूर करून विसरणं फुकट असतं.

माजी_नगरसेविका
साहेब, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

निवृत्त_फाईल
ती प्रभारींकडे असते, आणि प्रभारी दुसऱ्या नगरपंचायतीत असतात.

जुना_जकातवाला
>>पैसे किती, पगाराला वापरता येतील का<<
इथेच मुळाशी या. स्वतःचे पैसे कुठे राहिलेत? आमच्या लहानपणी नगरपालिकेची शान म्हणजे जकात, गावात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावरचा कारकून म्हणजे गावातला वजनदार माणूस, त्याच्या मुलीच्या लग्नाला अख्खी बाजारपेठ हजर. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि सहायक अनुदान सुरू झालं. महापालिकांत पुढे एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, १ ऑगस्ट २०१५ ला तो बहुतेकांपुरता गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली.

आता हे लक्षात घ्या. जीएसटी ही देशपातळीवरची केवढी मोठी सुधारणा! महाराष्ट्राने महापालिकांच्या भरपाईसाठी वेगळा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दर वर्षी ८ टक्के चक्रवाढ. मुंबईला पहिला हप्ता ६४७ कोटी ३४ लाखांचा मिळाला, महापौरांच्या हातात चेक देतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. मुंबईने आवाज केला म्हणून भरपाई कायद्यात लिहून घेतली. आमच्यासारख्यांची जकात गेली तेव्हा आमच्यासाठी कोणी आवाज केला नाही. सहायक अनुदान येतं, त्यातून पगार निघतात, आणि ते लांबलं की सफाई कामगार झाडू खाली ठेवतात.

तेव्हा ओढ्याकाठी, तुमची 'पाकीट पोचवणारी खिडकी' जकात गेली त्या दिवशीच तयार झाली. मिशनं नंतर आली.

मुलुंडकर
जकात गेली, पण "चेकनाका" आहे तिथेच आहे. रिक्षावाल्याला आजही तेवढंच सांगावं लागतं.

परदेशी पाखरू
जकातीच्या आठवणीने गहिवरण्याआधी नाक्यावरच्या ट्रकच्या रांगाही आठवा, आणि टेबलाखालचे व्यवहारही. शान होती हे खरं, पण ती कोणाची?

जुना_जकातवाला
कारकुनाची. ते मी लिहिलंच आहे वर.

घाटमाथा
सगळे रडगाणी गाताहेत म्हणून दुसरी बाजू. स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे केंद्राची शहरांच्या स्वच्छतेची स्पर्धा. २०१६ ला ७३ शहरांनी सुरू झालं. लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला देशात कराड पहिलं, सासवड दुसरं, लोणावळा तिसरं. २०२१ ला विटा, लोणावळा, सासवड. २०२२ ला पाचगणी. २०२३ ला परत सासवड. सगळी पश्चिम महाराष्ट्रातली, सगळ्या नगरपरिषदा. हे नुसत्या शिक्क्यांनी होत नाही. कराडला माझी बहीण राहते. तिथे ओला-सुका वेगळा दिला नाही तर घंटागाडीवाला कचरा परत दारात ठेवून जायचा. भांडणं झाली, मग सवय लागली. गावागावांची स्पर्धा लागली होती. "विट्यानं केलं, मग आपण का नाही" हे वाक्य नगरसेवकांच्या तोंडी मी स्वतः ऐकलंय. दिल्लीला जमलं नसतं ते शेजारच्या गावाच्या ईर्ष्येने केलं.

खडूस काकू
आमच्याकडे सर्वेक्षण म्हणजे भिंती रंगवणे. चष्मा, झाडू, पृथ्वी हसतेय. पथक येणार म्हणून आदल्या दिवशी कचराकुंड्याच उचलून नेल्या, की कुंडीच नाही तर कचरा कुठला! नागरिकांचा अभिप्राय म्हणून कर्मचारी दारात आला, "काकू, मोबाइल द्या जरा." मी दिला नाही. तर म्हणे शेजारच्या सगळ्यांनी दिला.

घाटमाथा
काकू, मोबाइल घेणं सगळीकडेच झालं, नाकारत नाही. पण कराडचा कचरा डेपो भिंतीवर रंगवलेला नाही.

मालवणी_माणूस
वेंगुर्ल्याचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? घनकचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०१६ मध्ये आले. त्याच सुमाराला वेंगुर्ले नगरपरिषद घरूनच कचरा वेगळा करून घेत होती. प्लास्टिकचा चुरा रस्त्यात, ओल्याचा बायोगॅस. बाहेरगावचे नगरसेवक सहलीने कचरा डेपो बघायला येत. अभ्यासदौरा कचऱ्याचा आणि जेवण मासळीचं, असा हिशोब. मुख्याधिकारी खमके होते आणि परिषद पाठीशी होती. दोघांतलं एक नसतं तर झालं नसतं.

चहाटळ
आमचे नगरसेवकही आले होते. डेपो बंद होता म्हणे. मासळी चालू होती.

वऱ्हाडी_ठेचा
तुम्ही सारे दिल्लीहून गल्लीकडे बघून राहिले. उलट गंगा पण आहे नं. रोजगार हमी कोणाची? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा. दिल्लीने तो २००५ मध्ये उचलला. स्वच्छतेचंही तसंच. आपलं गाडगेबाबा अभियान २००० चं, केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार त्यानंतरचा.

पण गंमत बघा जी. आपल्या जुन्या रोहयोत कामं काढायची तहसीलदार, बांधकाम, पाटबंधारे आणि वनखात्याने. केंद्राच्या कायद्याने सांगितलं की खर्चाच्या हिशेबात निम्मी तरी कामं ग्रामपंचायतीने करायची. म्हणजे आपणच शिकवलेली योजना परत आली तेव्हा आपल्याच ग्रामपंचायती बावचळल्या. मस्टर (हजेरीपट) कोण भरणार, मोजमाप कोण घेणार? सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडं सरपंच लोकं म्हणत, "हे लफडं तहसीलातच राहू द्या बाप्पा." नंतर कुशल-अकुशलचं (साहित्य आणि मजुरीच्या खर्चाचं) गणित बसलं, विहिरी निघाल्या, तवा त्यांनाच गोडी लागली.

मग २०२३ च्या जानेवारीपासून मोबाइलवर हजेरी, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. आमच्या शिवारात रेंज नाही. रोजगार सेवक फोटो काढून टेकडीवर चढतो, अपलोड करून खाली येतो, तवर दुसऱ्या फोटोची वेळ होते. त्याचीच मजुरी खरी पाहिली तर.

(डिसेंबर २०२५ ला कायदाच बदलला, १२५ दिवस आणि राज्याचा ४० टक्के वाटा. तो विषय या धाग्यात काढला तर काकूंची पक्षांची नावं लगेच येतील, म्हणून थांबतो.)

खडूस काकू
मी बसलेच आहे.

ओढ्याकाठी
वऱ्हाडी_ठेचा, रोहयोचा मुद्दा डोक्यात आला नव्हता, आभार. एक नवा प्रश्न. मधली काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासक होते. सभागृहच नव्हतं, म्हणजे विरोध करायला कोणी नव्हतं. मग त्या काळात केंद्राच्या सुधारणा झपाट्याने राबवल्या गेल्या का?

निवृत्त_फाईल
मी काही काळ प्रशासक होतो. ठराव मीच मांडायचो, मीच मंजूर करायचो. सूचक मी, अनुमोदक मी, कार्यवाही मी. निविदा वेळेत निघाल्या, डॅशबोर्ड हिरवं झालं. पण कुठल्या गल्लीत नळाला घाण पाणी येतं हे मला पंधरा दिवसांनी कळायचं. नगरसेवक असता तर सकाळी सातला माझ्या दारात त्या पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला असता. नवीन कचरा शुल्क लावलं तेव्हा सभागृहात कोणी ओरडलं नाही, लोकांनी नुसतं भरलंच नाही. सभेत गोंधळ झाला असता तर निदान कळलं तरी असतं की हे पचणार नाही.

तालुका_वार्ताहर
प्रशासक काळाची दुसरी बाजू पैशाची. वित्त आयोगाचा निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली, त्यांचा दहा-दहा टक्क्यांचा वाटा थांबला. मुंबईसह मोठ्या महापालिकांतही तेव्हापासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकांपर्यंत प्रशासकच होते. निवडणुका घेणं ना ग्रामपंचायतीच्या हातात ना नगरपरिषदेच्या, शिक्षा मात्र गावाच्या गटारीला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा हललं, आणि नगरपरिषदांचं मतदान डिसेंबरात झालं.

ही अट मला तत्त्वतः पटते. निवडून आलेली माणसं नसतील तर पैसे कोणाला द्यायचे? फक्त ज्याने चूक केली त्याच्याच खिशाला हात लागावा एवढी सोय तिच्यात नाही.

आणि सरळ नकाराचं एक उदाहरण राहिलंच. स्मार्ट सिटीसाठी वेगळी कंपनी काढायची अट होती. नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१५ मध्ये प्रस्ताव फेटाळला. आमच्या डोक्यावर कंपनी नको, असा सूर. शहर योजनेबाहेर गेलं. बाकीच्यांनी कंपनी पत्करली.

परदेशी पाखरू
नवी मुंबईचं त्यामुळे काही अडलं का? स्वच्छतेत तर कायम वरच असते.

तालुका_वार्ताहर
तिच्याकडे स्वतःचं उत्पन्न आहे हो. नाही म्हणायला खिसा लागतो. 'क' वर्गाने नाही म्हणून दाखवावं!

बर्मिंगहॅमकर
अवांतर, पण जवळचं. आमच्या इथल्या सिटी कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे हिशेब जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. कारणं दोन: समान वेतनाचे जुने दावे, आणि हिशेबाची नवी संगणक प्रणाली जी बसता बसेना. लंडनने कमिशनर पाठवले. फरक एवढाच की इथे नगरसेवक घरी गेले नाहीत, सभागृहात बसून राहिले आणि वरून आलेल्या लोकांच्या देखरेखीखाली ग्रंथालयांची कपात मंजूर करत बसले.

घरपट्टीचं तुमच्या उलट. इथे केंद्र सांगतं की ५ टक्क्यांच्या वर वाढवायची तर सार्वमत घ्या. बर्मिंगहॅमला खास परवानगी मिळाली आणि २०२४-२५ ला ९.९९ टक्के वाढ झाली. मग २०२५ च्या मार्चमध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. वाढीव कर भरून दारात काळ्या पिशव्यांचा ढीग आणि मांजराएवढे उंदीर. कराडची घंटागाडी पाठवा.

घाटमाथा
पाठवतो. ओला-सुका वेगळा ठेवा, नाहीतर परत दारात ठेवून जाईल.

कोल्लापुरी
बर्मिंगहॅमकर, एवढ्या पैशात तिथं संगणक चालंना, आणि आमच्या ग्रामपंचायतीत बारा हजार भरून संगणक चालतोय बघा! 'आपले सरकार' केंद्रासाठी महिन्याला १२ हजारांच्या वर ग्रामपंचायतीच्या निधीतून कापले जायचे. परिचालक पोराच्या हातात त्यातले निम्मे पडायचे, ते पण चार-सहा महिन्यांनी. आराखडा चढवायचा त्यानं, दाखले द्यायचे त्यानं, आंदोलनाला आझाद मैदानात बसायचं पण त्यानंच. दिल्लीच्या समद्या पोर्टलांचा खरा खांब म्हंजे ते पोरगं. ते रजेवर गेलं की डिजिटल इंडिया बंद.

दप्तरवाला
कोल्लापुरी यांना शंभर टक्के अनुमोदन. माझा परिचालक मला नोकरी सोडून जाईन म्हणाला की मी त्याला मिसळ खायला नेतो.

नवी_आई
जरा वेगळं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला, आता शाळा, पासपोर्ट, वाहन परवाना सगळ्याला जन्म दाखला चालतो. मुलीचा दाखला काढायला गेले तर पोर्टल नवीन, क्लार्क जुने. त्यांनी आधी जाड रजिस्टरमध्ये शाईने नोंद केली, मग संगणकावर. म्हटलं, दोनदा कशाला? म्हणाले, "ताई, पोर्टल तीनदा बदललं, रजिस्टर १९७० पासून तेच आहे." हा विरोध की बदल की शिक्का, ते ओढ्याकाठींनी ठरवावं. दाखला मात्र त्याच दिवशी मिळाला.

ओढ्याकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत थोडं हललं आहे, पूर्ण नाही. कामाचं नाव बदलणं, ३०८, स्थगिती, सही अडवून धरणं, रजिस्टर चालू ठेवणं, हे सगळं मला सभेच्या बाकावरून दिसणं शक्यच नव्हतं. पण यातलं लोकांसमोर काय होतं? सरपंचताईंची ग्रामसभा सोडली तर जवळजवळ काहीच नाही. खिडकीच्या आत खूप हालचाल आहे हे कळलं. बाहेरच्याने कुठे उभं राहायचं?

तालुका_वार्ताहर
ग्रामपंचायतीचं तरी घरबसल्या दिसतं. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आराखडा आणि खर्च गाववार उघडा आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत जा. लॉगिन लागत नाही. नगरपरिषदेचं मात्र अंदाजपत्रक आणि सभेचं इतिवृत्त मागून घ्यावं लागेल. इतिवृत्तात चर्चा शोधू नका, ठरावाच्या शेवटी कोणी 'विरोध नोंदवला' ते बघा.

माजी_नगरसेविका
आणि सभेच्या आधी विषयपत्रिका वॉर्डातल्या नगरसेवकाकडून मागून घ्या. त्यालाही वाचल्यासारखं होईल. मी निवडून आले त्या वर्षी मला ती कशी वाचायची हे एका निवृत्त शिक्षकाने शिकवलं. ते दर वेळी लाल शाईने खुणा करून आणून देत. सभेत माझे प्रश्न ऐकून सगळे म्हणत, बाई अभ्यासू आहेत.

खडूस काकू
वार्ताहरांनी सांगितलं म्हणून माहेरच्या गावाचं उघडून बघितलं. बंधित निधीत कचराकुंडी खरेदी लागोपाठ तीन वर्षं आहे. गेल्या दिवाळीला मी तिथेच होते, एकही कुंडी पाहिली नाही. दप्तरवाले, हे पण नाव बदललेलं काम का?

दप्तरवाला
काकू, आराखड्यात दिसतंय की खर्चात? आराखड्यात असेल तर नुसतं चढवलेलं असू शकतं, मागच्या वर्षीचं काम परत ओढलेलं. खर्चात असेल तर व्हाउचरची तारीख आणि कोणाला पैसे गेले ते लिहून घ्या, आणि साठा नोंदवहीची नक्कल मागा. कुंडी घेतली असेल तर तिथे चढलेली असलीच पाहिजे.

खडूस काकू
दोन वर्षं खर्चात आहे. भावजय तिथली सदस्य आहे. तिलाच फोन लावते आता.

चहाटळ
काकू, पक्षाचं नाव तुमच्याच घरातून येणार असं दिसतंय.